सोळा फ्लॅट, पाच दिवे

'अलिबागसे आया है क्या' असं कुणी कुणाला हिणवू नये, यासाठी आमच्याकडच्या एकाने थेट उच्च न्यायालयात याचिका घातली होती. 2019 ची गोष्ट. न्यायालयाने ती फेटाळली. आता मुंबईत कुठल्याही लग्नाला जा, गाव सांगितलं की समोरचा तोंडातला घास गिळायच्या आत विचारतो, "गुंठ्याला काय चाललंय सध्या?" मी आकडा सांगत नाही. पंधरा दिवसांनी तो खोटा ठरतो आणि मी उगाच दलाल ठरतो.

गेल्या शनिवारी कट्ट्यावर हाच विषय निघाला. कट्टा म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसायची आमची ठरलेली जागा. समोर कुलाबा किल्ला. ओहोटी होती, किल्ल्याकडून घोडागाड्या पर्यटक घेऊन परतत होत्या. दादूस आला, बसला आणि चहा यायच्या आत म्हणाला, "मंगळवारी साठेखत करतोय. वाडी विकली."

कोणी काही बोललं नाही. दादूसची वाडी आम्हा सगळ्यांनी पाहिलेली. अकरा गुंठे, माड-पोफळी, मधे आजोबांनी बांधलेली विहीर आणि कौलं सरकलेलं घर. लहानपणी तिथे शहाळी फुकट प्यायलोय.

मास्तरच पहिले बोलले. "कुणाला?"

"मुंबईचा हाय. चांगला मानूस हाय."

"चांगलाच असणार. पैसे देतोय ना."

मास्तरांचा सूर असा का, हे सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि सहा वर्षांत चौथं भाड्याचं घर बदलताहेत. मालक वाईट नसतो. त्याला फक्त एक दिवस साक्षात्कार होतो की मास्तर महिनाभरात जे देतात ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून दोन-तीन आठवड्यांत सुटतं. मग मास्तरांना "मे महिन्यापर्यंत बघा" असा निरोप येतो. मे महिना का, ते अलिबागकरांना सांगायला नको.

"तुमची पोरं त्याच्याच शाळेत जातात," नाना म्हणाले. "आणि त्याला राहायला गावात खोली नाय."

दादूस भडकला. "म्हंजे माझी वाडी विकली म्हनून मास्तरला घर नाय? नाना, सातबाऱ्यावर तेरा नावं हायेत. दोन आत्या गेल्या, त्यांची पोरं वसईला. दर वर्षी विचारतात, आमचा हिस्सा काय केलास. निसर्ग वादळात बावीस माड आडवे झाले. नवीन लावला तर सहा-सात वर्षांनी धरनार. तुमाला वाडी बघाया आवडते. पानी कोन लावतो? नारळ पाडाया पाडेल्याला पैसे कोन देतो?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. 3 जून 2020 ला वादळ आलं तेव्हा आम्ही चार दिवस झाडं तोडून रस्ते मोकळे करत होतो, ते सगळ्यांना आठवतं. त्यानंतर वाडीवाल्यांचं काय झालं, ते फारसं कुणी विचारलं नाही.

मग वकिलांनी चष्मा पुसला. म्हणजे आता वीस मिनिटं गेली. पण वकील बोलले ते कामाचं होतं, म्हणून लिहून ठेवतो.

"साठेखताआधी त्या चांगल्या माणसाला तीन गोष्टी विचार. शेतकरी आहे का? कुळकायद्याचं कलम 63 आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कलेक्टरची परवानगी लागते."

"साताऱ्याला त्याचा सातबारा हाय म्हनतो."

"म्हणतो नको. उतारा बघ, फेरफार बघ. आजोबांच्या नावावरून त्याच्या नावावर कसा आला ते बघ. दुसरं, तेरा जणांच्या सह्या. एक आतेबहीण विसरलास तर तो उद्या तुझ्यावरच दावा लावेल. आणि तिसरं, तो तिथे करणार काय? बंगला?"

"दलालाने सांगितलंय त्याला. सी-टच प्लॉट म्हनून."

वकील हसले. दादूसची वाडी भरतीरेषेपासून दीडशे मीटरवर असेल. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, त्यांची पहिली अधिसूचना 1991 ची. तेव्हापासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. 2019 च्या अधिसूचनेने ही पट्टी 50 मीटरवर आणली, पण दाट वस्तीच्या गावांपुरती, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त माणसं असलेल्या. बाकीच्यांना 200 च. जुनं घर आहे ते दुरुस्त करता येतं, आहे त्या जोत्यावर पुन्हा उभं करता येतं. पण दलालाच्या मोबाइलमधलं निळ्या तलावाचं चित्र त्या अकरा गुंठ्यांत उतरायचं नाही.

"म्हंजे तो फसला?" दादूसने विचारलं. आवाजात काळजी होती की मजा, ते कळलं नाही.

"अजून नाही. मंगळवार अजून यायचाय."

एवढ्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई फेरी संपवून आल्या आणि नानांनी सरकून जागा दिली. बाईंना कुठलाही विषय द्या, त्या तो सोसायटीवर आणतात. यावेळी मात्र त्यांनी चर्चेचं तोंडच फिरवलं.

"वाडीचं सोडा. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट आहेत. जुलैत रात्री खाली उभं राहून मोजलंय मी, दिवे पाचच लागतात. सर्वसाधारण सभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन-तृतीयांश. म्हणजे अकरा. आणि आमच्याकडे कुलपं अकरा!"

"मग सभा कशी होते हो?"

"नोटिशीतच लिहिते. कोरम झाला नाही तर सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा. त्या सभेला कोरम लागत नाही. अर्धा तास आम्ही पाच जण चहा पितो आणि मग सोळा जणांचे निर्णय घेतो."

सगळे हसले, पण बाई हसत नव्हत्या. पंपाची मोटार जळते तेव्हा वर्गणीसाठी त्यांना ठाणे, पुणे, न्यू जर्सी असे फोन लावावे लागतात. गच्चीची गळती सगळ्यांत वरच्या बंद फ्लॅटमधून खाली येते. चावी ज्याच्याकडे असते तो दिवाळीत येणार असतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती.

"मास्तर, समजा तुम्हाला एकाने फ्लॅट भाड्याने दिला. सोसायटी त्याला बिनभोगवटा शुल्क लावणार. 2001 च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. आणि ज्याने कुलूप लावून ठेवलंय त्याला? काही नाही. नेहमीची वर्गणी. घर वापरात आणलं की दंड, बंद ठेवलं की माफ."

"दंड म्हणू नका, शुल्क," वकील म्हणाले. "आणि रक्कम किरकोळ असते."

"किरकोळ असेल. पण नियम कुणाकडे बघून केलाय ते कळतं ना?"

मास्तरांना आता जोर चढला. ते भूगोल शिकवतात, त्यामुळे दाखला थेट इंग्लंडचा. कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथेही असंच झालं. सुट्टीची घरं वाढली, हिवाळ्यात गल्ल्या काळोख्या. 2016 मध्ये गावाने मतदान घेतलं आणि 83 टक्के लोकांनी कौल दिला की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं.

"मग? स्वस्त झाली घरं?" वकिलांनी नेमकं विचारलं.

मास्तर जरा थांबले. "अट नव्या घरांना होती. मग बाहेरच्यांनी जुनी घरं घ्यायला सुरुवात केली."

"बघा."

"बघा काय? निदान त्यांनी विचारलं तरी. आपल्याकडे ग्रामसभेत हा विषय कधी आलाय?"

इथे डोंबिवलीकर काकांनी तोंड उघडलं. काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि पाच वर्षांपूर्वी चेंढऱ्याला वन बीएचके घेऊन बायकोसह कायमचे आले. आम्ही त्यांना अजून डोंबिवलीकरच म्हणतो, आणि ते त्यांना आवडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

"तुम्ही 'बाहेरचे, बाहेरचे' करताय. मी बाहेरचा. आयुष्यभराची शिल्लक घातली. घेताना काय काय बघितलं सांगू? महारेराचा प्रकल्प-नोंदणी नंबर, भोगवटा प्रमाणपत्र, बिनशेतीचा आदेश. त्याच्या आधी तीन ठिकाणी मला नुसती घरपट्टीची पावती दाखवली. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर चार मजले! बँकेने कागद बघून परत केले म्हणून वाचलो. ती स्वस्तातली घरं मग मास्तरांसारख्यांच्या गळ्यात पडतात. विकणारे कोण होते? इथलेच."

कुणी हरकत घेतली नाही. एका इमारतीचं नाव आमच्या सगळ्यांच्या तोंडावर होतं, ते कुणी घेतलं नाही. मीही इथे घेत नाही.

काकांचं संपलं नव्हतं. "मी वरसोलीच्या जत्रेला जातो. गणपतीत आळीची आरती चुकवत नाही. पांढरा कांदा माळेने घेतो, भाव करत नाही. अजून काय केलं की मी इथला?"

"पालखी," नाना म्हणाले.

"धरली ना. दोन वर्षं खांदा दिलाय."

"खांद्याचं नाय बोलत. वाटेचं बोलतोय." नाना ऐंशीच्या घरात आहेत, ते बोलायला लागले की आम्ही मध्ये पडत नाही. होळीला देवाची पालखी ज्या पाणंदीने समुद्रावर जायची, ती दोन वाड्यांच्या मधून होती. एक वाडी विकली गेली. नव्या मालकाने जांभ्याची भिंत घातली, सातबाऱ्यावर वाट नाही म्हणाला. खरंच नव्हती. वाट कागदावर कशाला लिहायची, पिढ्यान्‌पिढ्या लोक चालत होते. भिंत झाली पावसात, गावाला कळली शिमग्यात.

"मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, 1906 चा," वकील हळू आवाजात म्हणाले. "वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांत."

जून ते मार्च. नानांनी बोटांवर मोजलं नाही, आम्हीच मनात मोजलं. आता पालखी डांबरी रस्त्याने, पार्किंगमधल्या गाड्या चुकवत जाते.

"दादूस," नाना म्हणाले, "तुझ्या वाडीतून पन कोळीण बायका धक्क्यावर जातात. खरेदीखतात वाट लिहून घे. रुंदी घालून. पैसे कमी मिळाले तर मिळूं दे."

दादूस वाळूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिवून घेईन." खरं सांगायचं तर एवढ्या भांडणातून पदरात पडलेली ठोस गोष्ट ही एवढीच.

मध्ये थोडा वेळ पुलांवर गेला. मुंबई-मांडवा रो-रो बोट 2020 मध्ये सुरू झाली, भाव चढले. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, पुन्हा चढले. रेवस-करंजा पूल मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय, तो झाला नाही तरी त्याच्या नुसत्या नावावर चढले. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे कंटाळा आला.

तेवढ्यात काकांनी हिशोब काढला. "बाई, ती अकरा कुलपं. मी मोजतो, चुकलो तर सांगा. पहिल्या मजल्यावर दोन, मुंबईवाले. दुसऱ्यावर तो डॉक्टर, पुण्याचा. पण 203 कुणाचा? इथल्याच सावकाराच्या नातवाचा, तो कॅनडात. 301, शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांच्या मुलाचा. 304 आणि 402, तेही अलिबागचेच. अकरातली चार कुलपं तुमच्या गावची आहेत. त्यांना कुणी बाहेरचं म्हणत नाही."

"त्यांचं मूळ इथे आहे," मी म्हणालो. हे मी का बोललो कुणास ठाऊक. तोवर गप्प बसलो होतो तेच बरं होतं.

कारण बाईंनी माझ्याकडे बघितलं. "402 तुमचाच ना?"

402 आमचाच. वडिलांनी घेतलेला. ते गेल्यापासून बंद. मी जुन्या घरात राहतो आणि धाकटा भाऊ पुण्याला. 'रिटायर झालो की येईन' म्हणतो. रिटायर व्हायला त्याला अजून अकरा वर्षं आहेत. महिन्यातून एकदा मी जातो, खिडक्या उघडतो, नळ सोडतो, तांबडं पाणी जाऊ देतो, खिडक्या लावतो. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते. भावाला फोटो पाठवतो. तो 'अरेरे' लिहितो.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी कारण सांगता आलं असतं. शेवटी दादूसनेच विचारलं, आणि मघाच्या सगळ्याची परतफेड म्हणून विचारलं, यात मला शंका नाही. "काय रं, मास्तरला मे महिन्यात खोली सोडाची हाय. तुझी गादी तरी सुकंल."

"दोघांच्या नावावर आहे," मी म्हणालो. "भावाला विचारावं लागेल."

"दोनच नावं?" दादूस म्हणाला. "माझ्याकडं तेरा हायेत. मंगळवारपर्यंत सगळ्यांच्या सह्या आनतो बघ."

पाणी चढायला लागलं होतं. शेवटची घोडागाडी चाकं भिजवत बाहेर आली. काकांनी चहाचे पैसे दिले, कुणाला देऊ दिले नाहीत.

आज शुक्रवार. दादूसचं साठेखत झालं, वाट लिहिली आहे, आठ फूट. भावाला अजून फोन केलेला नाही.