तासावर घ्यायचं की ठरलेल्या रकमेत? नव्या कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला फुकटचा सल्ला

अमेरिकन फेडरल सरकारात कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर (म्हणजे सरकारच्या वतीने कंत्राटं करणारा अधिकारी) झालात ना, अभिनंदन, आता पहिला धडा. सर्व्हिस घेताना आपल्याला नक्की काय हवंय हा विचार करायचाच नाही, सरळ लेबर-अवर काँट्रॅक्ट करून टाका. ह्यात तासाचा रेट एकदाच ठरतो, पगार ओव्हरहेड नफा सगळं त्यातच, आणि कंत्राटदाराची माणसं जितके तास बसली तितके पैसे. काम लवकर उरकलं तर नुकसान त्याचंच, त्यामुळे तो अगदी मन लावून हळू काम करेल.

आता फार (FAR) नावाचं सरकारी खरेदीच्या नियमांचं बाड आहे (नावाप्रमाणे फारच आहे), त्याच्या भाग 16 मधे म्हटलंय की काम किती, किती दिवस ह्याचा अंदाज खरंच बांधता येत नसेल तरच हा प्रकार वापरा आणि दुसरं कुठलंच काँट्रॅक्ट चालणार नाही हे लेखी फाइलला लावा. घाबरू नका. मागच्या वेळचा कागद काढा, तारीख बदला. तीच माणसं तेच काम वर्षानुवर्षं करतायत तरी अंदाज येत नाही म्हणायचं, फक्त न हसता.

सीलिंग, म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा, असतं की, म्हणाल. असतं ना! त्याच्यावरचा खर्च कंत्राटदाराच्या खिशातून, म्हणून तो बरोब्बर तिथेच थांबतो, काम अर्धवट का असेना, कारण त्याने कबूल केलेले असतात प्रयत्न, पूर्ण काम नाही. मग तुम्हीच सीलिंग वाढवून द्या, नाहीतर आहेच भिजत घोंगडं.

कोणी अगदीच मागे लागलं तर फिक्स्ड प्राइस, म्हणजे ठरलेल्या रकमेचं काँट्रॅक्ट करा, पण आपल्या पद्धतीने. खऱ्या फिक्स्ड प्राइसमधे काय हवं, कधीपर्यंत, कुठल्या दर्जाचं आणि ते मोजायचं कसं हे आधी लिहावं लागतं, मग खर्च वाढला तर कंत्राटदाराच्या बोकांडी, म्हणून तो आपणहून हात चालवतो. पण लिहायचं म्हणजे ज्यांना सर्व्हिस हवीय त्यांना विचारावं लागणार आणि त्यांनाच ते माहीत नसतं (हे उपरोधाने म्हणत नाहीये). त्यापेक्षा वर फिक्स्ड प्राइस लिहा आणि आत लिहा सहा माणसं, रोज आठ तास, वर्षभर. जोखीम त्याच्या डोक्यावर म्हणून कंत्राटदार किंमत चढवून लावणार आणि तुम्ही हजेरी घेत बसणार, मग एकजण आजारी पडला की त्याचे पैसे कापायचे का ह्यावर महिनाभर ईमेल, सगळे सीसीत, अगदी वकीलसुद्धा.