पृथ्वी जळणारच आहे, मग नदीची काळजी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम बंधू,

आपल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, गोदावरीची काळजी घ्यावी असं सांगणाऱ्या ‘गोदावरी आणि आपली मंडळी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग आहे तिच्यात, पण शास्त्राचा आधार घेऊन केलेला राग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बायबलमध्ये प्रेषित पेत्राने स्पष्ट सांगितलंय की पृथ्वी आणि तिच्यावरची कामं जळून जाणार. मंडळीचं काम आत्मे वाचवणं, झाडं वाचवणं नव्हे. नदीची चिंता ज्यांची ती देवी आहे त्यांनी करावी. आपण त्यात शिरलो तर वाडवडिलांनी जे सोडलं त्याकडेच मागच्या दाराने परत जाऊ. हे सगळं पोपसाहेबांच्या पत्रावरून उचललेलं फॅड आहे. आणि जाता जाता एक टोला, की आपल्या प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग पडतो, तो आधी उचला.

पोपसाहेबांचं लवकर उरकतो. पोप फ्रान्सिस यांचं सृष्टीच्या काळजीविषयीचं पत्र 2015 चं. कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स कुलगुरूंनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला तो 1989 साली. आणि बायबलच्या जुन्या करारातलं लेवीयाचं पुस्तक या दोघांच्या कितीतरी आधीचं. मी प्रोटेस्टंट घरातला माणूस, माझी सगळी भिस्त त्या तिसऱ्यावर आहे.

आता पेत्र. 2 पेत्र 3 मधलं दहावं वचन तुम्ही दिलंत. त्याच्या चार ओळी वर, सहाव्या वचनात, पेत्र जलप्रलयाची आठवण काढतो: तेव्हाचं जग पाण्याने नाश पावलं. म्हणजे येणाऱ्या अग्नीची कल्पना यावी म्हणून तो नोहाच्या काळाकडे बोट दाखवतो. मग नोहाने काय केलं ते बघा. जग बुडणार हे त्याला आपल्या दोघांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. तरी ‘बुडणारच आहे तर पशुपक्ष्यांचं काय घेऊन बसायचं’ असं तो म्हणाला नाही. देवाच्या आज्ञेने त्याने तारवात, म्हणजे त्या मोठ्या जहाजात, कावळा घेतला, कबुतर घेतलं, सरपटणारे जीवही घेतले. आणि पाणी ओसरल्यावर देवाने करार केला तो एकट्या नोहाशी नाही. उत्पत्ति नवव्या अध्यायात ‘प्रत्येक सजीव प्राण्याशी’ असं पुन्हा पुन्हा येतं. न्यायाचा दिवस जवळ आहे म्हणून हात झटकायची सवलत शास्त्रात मला तरी कुठे सापडत नाही. तिकडे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात तर पृथ्वीचा नाश करणाऱ्यांच्या नाशाची वेळ आली आहे, असं लिहिलंय. त्या यादीत आपलं नाव नसावं एवढी भीती पुरेशी आहे.

निसर्गपूजेचा मुद्दा मला गंभीर वाटतो, कारण ती पूजा सोडली म्हणून आपल्या आजी-आजोबांना घरदार सोडावं लागलं, ते वाळीत पडले. झाडाला नमस्कार करायला मी सांगत नाहीये. स्तोत्र 148 मध्ये डोंगर, फळझाडं, गुरंढोरं, पाखरं हे सगळे आपल्याबरोबर परमेश्वराची स्तुती करायला उभे आहेत. आपण त्यांची उपासना करत नाही, त्यांच्या ओळीत उभं राहून परमेश्वराची करतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्यांनी फुलं सोडली नाहीत. महाराष्ट्र आजही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतो. आणि नदीला आई न म्हणणाऱ्याला तिच्यात सांडपाणी सोडायची मुभा मिळते, असं थोडंच आहे? नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी तुमच्या-माझ्या नळालाही येतं. आपल्या मोरीतलं पाणी नासर्डी नदीत नाहीतर गोदेत जातं, ते कुठल्या धर्माच्या घरातून आलं हे पुढच्या पाणवेलीला कळत नाही. तीच गोदावरी खाली नांदूर मध्यमेश्वरला पोचते, जिथे थंडीत परदेशातून पक्षी येतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 साली ती जाहीर झाली. चिमण्यांपैकी एकही देवाला विसर पडलेली नाही असं प्रभू येशू म्हणाला, तेव्हा त्याने या पाहुण्यांना वगळलं असेल असं वाटत नाही.

पण माझं खरं म्हणणं नदीपेक्षा जमिनीबद्दल आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं त्याला उत्तर नाही. लेवीय 25 काढा. सहा वर्षं द्राक्षमळ्याची छाटणी कर, सातव्या वर्षी जमिनीला विसावा दे. द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यात बसून हे वचन ‘इस्राएलाचा जुना नियम’ म्हणून कसं ओलांडायचं? पुढे तेविसाव्या वचनात देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. आपल्याकडे खंडाने जमीन कसणाऱ्याला जे कळतं तेच हे: पीक तुझं, माती तुझी नाही, आणि परत करताना मालक ती बघणार. लोकांनी ऐकलं नाही तेव्हा काय झालं, तेही लिहून ठेवलंय. 2 इतिहासाच्या शेवटच्या अध्यायात लोक बंदिवान होऊन बाबेलला गेले आणि सत्तर वर्षं पडीक राहून जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ, म्हणजे विसाव्याची वर्षं, भोगली. माणसांनी दिला नाही तो विसावा देवाने तिला वसूल करून दिला.

निफाडकडे आमच्या नात्यातल्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळांसाठीची गोडी छाटणी, मग पाऊस लांबला की डाऊनी, पाऊस गेला की भुरी, हे बुरशीचे रोग, आणि मधल्या प्रत्येक ढगाळ दिवसाला एक फवारणी. त्यांना जाऊन ‘सातव्या वर्षी बाग सोडा’ असं मी सांगणार नाही. सोसायटीचं कर्ज आहे, आणि वर्षभर वाऱ्यावर सोडलेली बाग पुढच्या वर्षी उभी राहीलच असं नाही. मोशेच्या, म्हणजे जुन्या करारातल्या, नियमाखाली आपण नाही हे तुमचं म्हणणंही मान्य. पण नियम गेला म्हणून मालक बदलला का? क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून वेली डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम कराव्या लागतात, यातच माती काय सांगतेय ते आलं.

आणि मळ्यात माणसंही असतात. 2010 साली युरोपने आपली द्राक्षं अडवली, वाढरोधक क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून. तेव्हापासून उर्वरित अंशाची तपासणी हा शब्द प्रत्येक निर्यातदाराच्या तोंडी आहे. चांगलंच आहे ते. पण ती तपासणी खाणाऱ्यासाठी आहे. छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, पेस्ट लावायला, फवारायला पेठ-सुरगाणा या डोंगरी तालुक्यांकडून जी माणसं येतात, त्यांच्या हातात मोजे आहेत का हे कुणी तपासायचं? ज्या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, तिथून ही माणसं येतात. तुम्ही म्हणता आत्मे वाचवा. जरूर. त्या माणसाला सुवार्ता सांगायला मी तुमच्याबरोबर येतो, पण त्याच्या अंगावरच्या औषधाच्या वासाबद्दल गप्प बसून ती कशी सांगायची, हे मला जमणार नाही.

राहिल्या थर्माकोलच्या ताटल्या. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, वेदीपुढे ऊस, कणसं, द्राक्षांचे घड मांडायचे आणि तासाभरात आवाराच्या मागे ताटल्या पेटवायच्या, हे बघवत नाही. स्टीलची ताटं भाड्याने घ्यायची आणि धुवायला दोन बायका लावायच्या, तर किती खर्च येईल हे महिला मंडळाकडे विचारलंय. पत्रावळीचा भाव मेन रोडला काढायचा आहे. पुढच्या प्रीतिभोजनाआधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीपुढे दोन्ही आकडे ठेवणार आहे, आणि त्या बैठकीला तुम्ही याल तर बरं, कारण तिथे तुमचा आवाज माझ्यापेक्षा जास्त चालतो.