चित्र चालतं, मग आवाज का चालत नाही?

बेळगावात अमूर्त चित्रांचं प्रदर्शन भरलं की लोक येतात, थोडा वेळ बघतात, "कळलं नाही, पण रंग छान आहेत" म्हणतात आणि बाहेर चहाला जातात. त्याच माणसांना प्रयोगशील संगीत, म्हणजे राग-ताल नसलेला, वीस मिनिटं नुसता तार घासल्याचा आवाज ऐकवा, पाचव्या मिनिटाला खुर्च्या सरकायला लागतात. मग संयोजक म्हणतात, लोकांचे कान तयार नाहीत. हे मला साफ अमान्य आहे. १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांतून नवे राग उभे केले, आणि ते याच भागातले लोक आजही आवडीनं ऐकतात.

चित्रापुढे किती वेळ थांबायचं हे बघणारा ठरवतो. आवाजाचा वेळ वाजवणाऱ्याच्या हातात असतो, आणि रांगेच्या मधून उठून जाणं आपल्याकडे अपमान समजला जातो. शिवाय चित्राला किंमत लागते. १९२४ चाच जन्म असलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, तेव्हा न कळणारेही अदबीनं उभे राहू लागले. आवाजाला अशी चिठ्ठी चिकटत नाही. अमेरिकन चित्रकार राउशेनबर्गचे नुसते पांढरे कॅनव्हास १९५१ चे. ते बघून धीर आला, असं अमेरिकन संगीतकार जॉन केज स्वतः सांगत. वादकानं काहीच न वाजवण्याची त्यांची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना, म्हणजे शांतताच, १९५२ ची. कॅनव्हास आज संग्रहालयात मानानं टांगलेले आहेत, शांततेवर मात्र लोक अजून चिडतात.

एक कारण तर कानाच्या घडणीतच आहे. २४० आणि २४१ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेले, दोन सूर एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला एकदा चढतो-उतरतो, अशी संथ लाट उठते. तंबोऱ्याच्या दोन जोडीच्या तारा किंचित सरकल्या की हीच लाट ऐकू येते. दुसरा सूर २६५ वर न्या, सेकंदाला २५ ठोके पडतात आणि कानाला खरखर जाणवते. ही खरखर अडाण्यालाही जाणवते आणि उस्तादालाही. चित्रात लाल-हिरवं शेजारी ठेवलं तर डोळा फिरवता येतो, कान मिटता येत नाही.

म्हणून मांडणी बदलायला हवी. कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत ठेवा, पंखे बंद करता येतात. पंख्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात आणि उरतो फक्त कर्कशपणा. सभेचे भोंगे अजिबात नकोत, त्यांत खालचे सूर येतच नाहीत. दोन साधे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, सगळ्यात जवळची खुर्ची त्यांच्यापासून तीन मीटर अंतरावर. आवाज ८० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी फोनवरचं मीटर अंदाजापुरतं पुरतं. तीसच खुर्च्या, सुट्या, भिंतीकडेनं, आणि दार उघडं. दार उघडं असलं की लोक जास्त वेळ बसतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा करून बघावं.

रचना आठ मिनिटांची. आधी दोनच वाक्यं सांगा: किती वेळ चालेल आणि आवाज कशातून निघतो. अर्थ सांगत बसू नका. आणि कृपा करून ख्यालाच्या मैफलीत, मध्यंतरानंतर हे घुसडू नका. भैरवीची वाट बघणाऱ्या माणसावर तो अन्याय आहे आणि वाजवणाऱ्यावरही.

नंतर दहा मिनिटांची सुट्टी, आणि तीच रचना पुन्हा. दुसऱ्या वेळी कानाला पुढचं वळण माहीत असतं, म्हणून तो दचकत नाही, आतलं बघू लागतो. फक्त दुसऱ्यांदा लावताना आवाज वाढवू नका.