शून्यावर किती टक्के सवलत?

परवा रात्री अकराच्या सुमाराला भाचीनं एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली एवढंच विचारलं, "मामा, भरू का?" ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला तो मेसेज पुढच्या दोन दिवसांत माझ्याकडे आणखी तीन वाटांनी आला, म्हणून उत्तर एकदाच देतो.

मेसेजचा सारांश असा: विंडोज १० बंद झालंय, तुमचा लॅपटॉप आता कधीही थांबेल. विंडोज ११ चं अपग्रेड पंधरा-वीस हजारांचं आहे, पण विद्यार्थी सवलतीत ११ ची 'प्रो' ही वरची आवृत्ती फक्त ४९९ रुपयांत, तेही कायमच्या लायसन्ससह. कुठल्याही लॅपटॉपवर चालतं. कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो पाठवा, पैसे भरा, मग लायसन्सची 'की', म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, व्हॉट्सॲपवर येईल.

आधी 'लॅपटॉप थांबेल' हे घेऊ, कारण घाबरवायचं काम तेच करतं. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, इतकंच खरं. मशीन बंद पडत नाही, फायली कुठे जात नाहीत. मी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. दुसऱ्या दिवशी आमची विंडोज १० ची मशीनं नेहमीसारखीच, म्हणजे कुरकुरत, सुरू झाली. धोका आहे, पण तो हळूहळू वाढणारा: नवी भोकं सापडत राहतील आणि बुजवायला कुणी येणार नाही. त्यावरही वर्षभराची मुदत मिळते. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. त्याला ३० डॉलर पडतात हे सगळे सांगतात. पण मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, हे फारसं कुणी सांगत नाही. मशीनवर १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी, बाकी नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते.

शिक्षणक्षेत्राला खरी सवलत इथे आहे, पण ती विद्यार्थ्याला नाही, संस्थेला. याच वाढीव अपडेटसाठी कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर पडतात; शाळा-कॉलेजांना १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४.

आता मुख्य मुद्दा, 'अपग्रेड पंधरा-वीस हजारांचं'. अपग्रेड हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि मेसेज लिहिणाऱ्याचा सगळा धंदा त्या घोळावर उभा आहे. १० वरून ११ वर जाणं हे एक अपग्रेड. ते ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ बाजारात आलं तेव्हापासून फुकट आहे. अट इतकीच की मशीनवर अस्सल विंडोज १० हवं आणि मशीन ११ च्या अटींत बसायला हवं. १० होम, म्हणजे साधी घरगुती आवृत्ती, असेल तर ११ होम होतं, १० प्रो असेल तर ११ प्रो. लायसन्स मशीनबरोबर नोंदलेलं असतं, की टाकावीसुद्धा लागत नाही. दुसरं अपग्रेड म्हणजे होमवरून प्रोवर जाणं. त्याला पैसे पडतात, अमेरिकेत ९९ डॉलर. आणि काहीच नसताना कोरं लायसन्स विकत घेतलं तर तिथे होमचे १३९ आणि प्रोचे १९९ डॉलर. मेसेजमधला मोठा आकडा या शेवटच्या खान्यातला आहे. तो उचलून पहिल्या खान्यातल्या मुलांपुढे ठेवलाय. ज्याची किंमत शून्य आहे त्यावर विद्यार्थी सवलत द्यायची तर किती द्यायची?

शिवाय प्रो घेऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलीला करायचंय काय? ऑफिसच्या नेटवर्कला मशीन जोडणं, दुसऱ्या मशीनवरून आपल्या मशीनचा डेस्कटॉप उघडणं, असल्या सोयी त्यात आहेत. पायथन, ऑटोकॅड, मॅटलॅब होमवर तसंच चालतं.

मात्र असली सवलत कधी नव्हतीच, असं म्हणणंही चूक ठरेल. २००९ साली विंडोज ७ आलं तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना ते अपग्रेड २९.९९ डॉलरला मिळत होतं, कॉलेजचा ईमेल दाखवून. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या वेळी भारतातही किंमत पाडली होती: प्रोचं अपग्रेड १,९९९ रुपये, आणि नुकतंच विंडोज ७ चं मशीन घेतलेल्यांना ६९९. ही दुसरी सूट विद्यार्थ्यांसाठी नव्हती, नव्या मशीनच्या ग्राहकांसाठी होती आणि जानेवारी २०१३ च्या अखेरपर्यंतच्या खरेदीलाच लागू होती. पण 'विंडोज सहा-सातशेत मिळायचं' हे तेव्हा कॉलेजात असलेल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आज तीच मंडळी कुणाचे काका, कुणाचे सर आहेत आणि मेसेज खरा वाटून पुढे पाठवताहेत. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० वर्षभर फुकट वाटलं आणि घरगुती अपग्रेड विकायचा तो काळच मागे पडला.

मग ४९९ ची की येते कुठून? चालते का? बऱ्याचदा चालते, आणि म्हणूनच विकणारा टिकून आहे. काही की मोठ्या संस्थांना एकगठ्ठा दिलेल्या असतात. त्या ठरावीक वेळाच ॲक्टिव्हेट होतात, आणि ती शिल्लक तुमच्यासारख्या शंभर जणांत वाटली जाते. काही मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या असतात आणि ज्या मदरबोर्डावर बसल्या त्याच्याशी बांधलेल्या असतात. तिसरा प्रकार संस्थेच्या सर्व्हरवर चालणारा: १८० दिवसांच्या आत त्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते. तुम्ही त्या संस्थेत नसताना हजेरी लागते कशी, तर कुठला तरी ॲक्टिव्हेटर, म्हणजे खोटी हजेरी लावणारा प्रोग्रॅम, मागे चालू ठेवून. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. सुरक्षेसाठी अपग्रेड घ्यायचं आणि त्यासाठी सुरक्षा बंद करायची! यातला एकही प्रकार विद्यार्थी योजना नाही, आणि 'कायमचं' तर मुळीच नाही. मागे एकाची की आठ महिन्यांनी, नेमकी सबमिशनच्या आठवड्यात, उडाली. विकणाऱ्यानं तोवर नंबर बदलला होता.

विद्यार्थ्यांसाठीची एज्युकेशन नावाची आवृत्ती खरोखर आहे, पण ती कॉलेजच्या करारातून मिळते, कॉलेजच्या ईमेलवरून. तुमच्या कॉलेजचा करार आहे का, हे लॅबमधल्या सिस्टिम ॲडमिनला विचारा. आम्हाला प्रिंटरच्या तक्रारींपलीकडे कुणी काही विचारत नाही, आनंदानं सांगू.

'कुठल्याही लॅपटॉपवर चालतं' हे सरळ खोटं. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. याखालच्या मशीनवर आडवाटेनं ११ बसवता येतं, मीही बसवून पाहिलंय, पण मग पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातली मशीनं तर ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून सुरूच होत नाहीत. उलट बाजूही आहे: कितीतरी लॅपटॉपांत चिप असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद असते. इंटेलच्या मशीनवर पीटीटी, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावानं ती शोधा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की मशीन बसतं का नाही आणि नसेल तर कशामुळे, हे मिनिटभरात कळतं.

ओळखपत्राच्या फोटोबद्दल काय सांगायचं? त्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, कधी रक्तगटही असतो. की विकायला यातलं काही लागत नाही. आणि कीऐवजी एखादं तयार खातं देऊन 'यानं लॉग-इन करा' म्हणाले तर त्याहून सावध राहा. ते खातं कुठल्या तरी अनोळखी संस्थेचं असतं, त्याचा ॲडमिन पासवर्ड बदलू शकतो, आणि लॉग-इन करताना नको तिथे 'हो' म्हटलंत तर लॅपटॉपचा कारभारही त्याच्या हातात जातो.

एका गटाचा प्रश्न मात्र खरा आहे. दोन-तीन हजार वाचवायला ज्यांनी डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, लॅपटॉप घेतला आणि दुकानदारानं 'विंडोज मारून' दिलं, त्यांच्याकडे अस्सल १० नाहीच. त्यांच्यासाठी फुकट अपग्रेडचं दार उघडत नाही. आधी विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून नवं विंडोज ॲक्टिव्हेट करता यायचं, तेही २०२३ च्या सप्टेंबरात बंद झालं. अशा मुलांनी कॉलेजकडे चौकशी करावी, नाहीतर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकावी. कोडिंग शिकणाऱ्याचं विंडोजवाचून फारसं अडत नाही; सॉलिडवर्क्ससारखं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागणाऱ्याचं अडतं, हेही सांगून ठेवतो. मॅकवाल्यांना हा मेसेज लागूच नाही: त्यांची सिस्टिम २०१३ च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून फुकट आहे, विद्यार्थी सवलत मिळते ती मशीनवर.

भाचीला त्या रात्री लिहिलं, "भरू नकोस, आधी प्रोसेसर कुठला ते सांग." आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह निघाला. हेल्थ चेक म्हणालं टीपीएम नाही. व्हिडिओ कॉलवर बायोस उघडायला लावलं. पीटीटीसमोर 'डिसेबल्ड' लिहिलेलं होतं, ते बदललं. वायफाय रात्रीच जरा बरं चालतं, म्हणून डाउनलोड लावून ती झोपली.

सकाळी मेसेज आला. "मामा, झालं. पण स्टार्टचं बटण मध्यभागी का गेलंय?"