‘लोकांना विचारत बसल्यामुळे शहर अडतं’ हे साफ खोटं आहे

माझी मावशी कोथरूडला राहते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी वयस्कर माणसांना रस्ता ओलांडणं जिकिरीचं होतं, म्हणून महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकाचा, म्हणजे नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायचा, अर्ज ती यंदा भरणार होती. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, ‘अगं, नाही भरत. आपण सारखं काहीतरी मागत बसतो म्हणून तर शहराची कामं रखडतात. ग्रुपवर आलंय ते वाच आधी.’

वाचलं. तोच मजकूर नंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि एका जुन्या मैत्रिणीनेही पाठवला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: ऑपरेशन करताना डॉक्टर पेशंटला विचारत नाही, मग रस्ता आखताना लोकांना का विचारायचं? सिंगापूरने कुणाला विचारलं नाही म्हणून ते घडलं. पुण्याचा विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठे काय असावं याचा नकाशा, हजारो हरकतींमुळे अडकला. टेकड्या वाचवा म्हणत टेकडी-टेकडी करणारे मूठभर लोक सगळ्यांना वेठीला धरतात. वस्तीतले लोक कर भरत नाहीत, त्यांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही. आणि शेवटी मागणी, की हरकती-सूचनांची पद्धतच बंद करा.

एक सत्तर वर्षांची बाई हे वाचून स्वतःचा साधा अर्ज भरायचा थांबते, याचा मला राग आलाय. म्हणून हे लिहितेय.

डॉक्टरचं उदाहरण आधी बाजूला करू. पेशंटची किंवा घरच्यांची सही झाल्याशिवाय ठरलेलं ऑपरेशन कुठलंही धड हॉस्पिटल करत नाही. त्याही आधी डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय, कधीपासून, आधी काय औषध चालू आहे. मजकूर लिहिणाऱ्याने उदाहरण दिलं ते त्याच्याच विरुद्ध जातं.

तज्ज्ञ आणि लोक यांची कुस्ती लावण्याची गरजही नाही, कारण कायद्याने ती लावलेलीच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या कलम २६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या ऐकायला कलम २८ खाली जी नियोजन समिती बसते, तिच्यात नगरसेवकांच्या स्थायी समितीच्या सदस्यांबरोबर नगररचनेची किंवा पर्यावरणाची जाण असलेले, सरकारने नेमलेले तज्ज्ञ असतात. म्हणजे नागरिक बोलतो आणि तज्ज्ञ ऐकतो. समितीला पटलं नाही तर हरकत फेटाळली जाते. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. एवढंसं वाचायचे कष्ट न घेता लोक ‘पद्धत बंद करा’ म्हणून मोकळे होतात.

फक्त तज्ज्ञांवर सोडलं की काय होतं, त्याचा दाखला मुंबईत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला, तर उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले आणि वारसा वास्तूंच्या नोंदी गायब. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला, आणि सुधारित मसुदा यायला २०१६ चा मे महिना उजाडला. वर्ष वाया गेलं हे खरंय, पण ते हरकतींमुळे गेलं नाही. जमिनीवर काय आहे हे न पाहता नकाशा काढला, म्हणून गेलं. तिथे राहणाऱ्यांना आधी विचारलं असतं तर या चुका टेबलावरच सापडल्या असत्या.

पुण्यात तर पुरावा रस्त्यावरच होता. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी जुलै २०२० मध्ये पाडला. बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. तो कुणा नागरिकाच्या हरकतीने पडला नाही. पुढेमागे इथून मेट्रो जाईल, हा विचार पूल आखतानाच व्हायला हवा होता.

सिंगापूरबद्दल फार लिहीत नाही, कारण ते उदाहरण देणाऱ्यांनी सिंगापूरचा नियोजन कायदा उघडलेलाच नसतो. तिथल्या मास्टर प्लॅनचा दर पाच वर्षांनी फेरआढावा होतो आणि त्याचा मसुदा लोकांसमोर मांडून अभिप्राय मागवले जातात. जून २०२५ मध्येच नव्या मसुद्याचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या वेगाचं मोठं कारण वेगळं आहे. बहुतेक सगळी जमीन सरकारच्या मालकीची आहे, आणि १९६६ च्या भूसंपादन कायद्याने ती स्वस्तात हाती आली. त्या जमिनीवर सरकारने घरं बांधली आणि आज बहुसंख्य लोक त्यांत राहतात. आपल्याकडे जमिनीची मालकी तशी नाही आणि सरकारी घरंही तशी नाहीत. मग घ्यायचं काय उरलं, तर ‘विचारू नका’ एवढंच?

आता ‘हरकतींनी आराखडा अडकला’. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. एवढ्यांची सुनावणी घ्यायला वेळ लागणारच. अशा वेळी एकाच छापील मजकुराचे गठ्ठे जमा होतात आणि त्यांमागे कधी कधी जमिनीत हितसंबंध असलेली माणसं असतात, हेही मी नाकारत नाही. पण पुढे काय झालं तेही सांगा ना! मुख्य सभेला, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेला, मुदतीत निर्णय घेता आला नाही, मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अंतिम मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली. नागरिकाचं काम हरकत नोंदवून आणि सुनावणीला हजर राहून संपलं होतं. त्यानंतरची वर्षं सभागृहात आणि मंत्रालयात गेली.

मेट्रोचंही थोडं तसंच. दिल्ली मेट्रोने पुण्याचा प्रकल्प अहवाल दिला २००९ मध्ये आणि भूमिपूजन झालं डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात भुयारी की उन्नत या वादात काही नागरी संघटनाही होत्या, त्यांच्यामुळेही वेळ गेला. ठीक आहे, मानलं. पण सात वर्षं एकट्या त्यांच्या खात्यावर मांडणं बेइमानी आहे.

शिवाय एक साधा प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं, त्याहूनही जास्त, शहरात नगरसेवकच नव्हते. मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही, सगळे अधिकार एका प्रशासकाकडे. मजकुरात मागितलंय ते हेच, कुणाला विचारावं न लागणारं शहर. मग या काळात वाहतूक सुटली का? पाणी वेळेवर यायला लागलं का? जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा आपलं म्हणणं मांडायला लोकांना स्वतःचा निवडून दिलेला माणूसही नव्हता.

टेकड्यांचा मुद्दा दोन ओळींत संपवते. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या तेवीस गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्या-उतारांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं, ते नागरिकांनी अनेक वर्षं लावून धरल्यामुळे. उतार खोदले की माती आणि पाणी खालच्या वस्तीत येतं. ज्यांना ‘मूठभर’ म्हटलंय, त्यांनी सगळ्या शहराचं काम केलंय.

आता त्या मजकुरातला सगळ्यात वाईट मुद्दा, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. ‘वस्तीतले लोक कर भरत नाहीत, त्यांना काय विचारायचं?’ मावशीच्या घरी काम करणाऱ्या ताई वस्तीतून येतात. आमच्या सोसायटीचा कचरा उचलणाऱ्याही. २०११ च्या जनगणनेत पुणे शहरातला पाचांतला एकाहून जास्त माणूस झोपडपट्टीत राहत होता. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कितीतरी गोष्टींवर ही माणसं कर भरतात. पण समजा, घरपट्टी हाच काय तो कर धरला, तरी त्यांना विचारलं नाही तर पैसा कुणाचा बुडतो? करदात्यांचाच. हे पुण्यातच सिद्ध झालंय.

वर्षानुवर्षं महापालिका वस्त्यांमध्ये ठेकेदाराकडून संडास बांधून घ्यायची. कुणाला विचारायचं नाही, ठरलेल्या नकाशाप्रमाणे बांधायचं आणि निघून जायचं. पाण्याची सोय नीट नसायची, साफ कोण करणार हे ठरलेलं नसायचं, काही दिवसांत दारं तुटायची, तुंबायचं, आणि लोक पुन्हा उघड्यावर. १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पद्धत बदलली. संडास बांधणं आणि चालवणं या दोन्हींसाठी स्वयंसेवी संस्थांना बोलावलं, आणि वस्तीशी बोलून आराखडा करायची अट घातली. ‘एन्व्हायर्नमेंट अँड अर्बनायझेशन’ या नियतकालिकात २००३ मध्ये सुंदर बुर्रा, शीला पटेल आणि थॉमस कर यांनी या कामाचा लेखाजोखा मांडला आहे. लेखक स्वतः या कामातल्या ‘स्पार्क’ संस्थेशी जोडलेले होते, ते लक्षात ठेवूनच वाचावं. पण आकडे बोलके आहेत. दोन-अडीच वर्षांत चारशेच्या वर संडास-इमारती, त्यांत संडासाच्या सुमारे दहा हजार सीट.

आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते बदललेल्या आराखड्याचं. ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका बसून बोलल्या तेव्हा कळलं, की सकाळच्या रांगेत पुरुष पुढे घुसतात, म्हणून बायकांचं दार आणि रांग वेगळी हवी. लहान पोरांना मोठी माणसं रांगेतून बाजूला सारतात, आणि मोठ्यांच्या भांड्यावर अंधारात बसायला पोरं घाबरतात. म्हणून ती बाहेर नाल्यावर बसतात. मग मुलांसाठी वेगळे, लहान मापाचे संडास आले, धरायला दांडा असलेले. पाण्याची मोठी टाकी आली. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली मिळाली, म्हणजे कुणीतरी कायम हजर. खर्चासाठी कुटुंबाने महिन्याचा २० रुपयांचा पास काढायचा असं ठरलं. ‘कर न भरणारी’ माणसं स्वतःच्या संडासाच्या देखभालीचे पैसे भरत होती, मजकूर लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

यातली एक तरी गोष्ट कुठल्या इंजिनिअरने आपल्या टेबलावर बसून काढली असती का? पाच वर्षांचं पोर रांगेत ढकललं जातं, हे त्याच्या आईलाच माहीत असतं. ती माहिती न घेता बांधलेला संडास म्हणजे वाया गेलेलं सिमेंट, आणि ते सिमेंट तुमच्याआमच्या घरपट्टीतून आलेलं असतं. पुढे काही ठिकाणी या नव्या इमारतींची देखभालही ढासळली. पण तेवढ्यावरून ‘विचारून उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. बांधल्यानंतरही विचारत राहायला हवं होतं, एवढाच निघतो.

येरवड्यातही असंच झालं. केंद्राच्या शहरी गरीब योजनेतून तिथल्या वस्त्यांमध्ये कच्ची घरं पाडून त्याच जागी २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली, कुटुंबाने खर्चाचा १० टक्के वाटा उचलला. घराचा नकाशा घरातल्या बाईला दाखवून ठरवला गेला. गल्ली तीच राहिली, शेजार तोच राहिला. कामाच्या ठिकाणापासून लांब, सातव्या मजल्यावर नेऊन टाकलेली माणसं घर भाड्याने देऊन परत वस्तीत येतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराने पाहिलंय. असं पुनर्वसन पुन्हा करावं लागतं आणि त्याचा खर्चही पुन्हा होतो.

राहता राहिली ‘पद्धतच बंद करा’ ही मागणी. बंद करण्याएवढी ती चालू कुठे आहे? महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाच्या कामांबद्दल बोलायचं. तुमच्या भागात अशी सभा कधी झाल्याचं आठवतं का? पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. पण त्यात एका कामाला मर्यादा पाच लाखांची. एवढ्यात पदपथाचा तुकडा, बाक, दिवे, पाट्या होतात. शहराचा मोठा पैसा कुठे जातो, ते या अर्जावर विचारलंच जात नाही. तक्रार करायचीच तर ही करायला हवी. लोकांना फार विचारतात अशी तक्रार करायची वेळ अजून आलेलीच नाही.

मावशी, झेब्रा पट्टे आणि रस्त्याच्या मध्ये थांबायला छोटा कट्टा, ही पाच लाखांत बसणारी कामं आहेत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात जागेची खूण नीट लिही, समोरच्या दुकानाचं नाव घाल, आणि शेजारच्या चारपाच जणांनाही आपापला अर्ज भरायला सांग.