राक्षसालाही पगार वाटावा लागतो

डंजन कीपर नावाच्या गेममध्ये आपण हीरो नसतो, तळघरातले दुष्ट मालक असतो, आणि मन्याने परवा ग्रुपवर टाकलेला त्यातला स्क्रीनशॉट सगळ्यांनी बघितला होता, त्यामुळे काल कट्ट्यावर विषय काढायची वेळच आली नाही. तात्या आला तोच बोट वर करून.

"मन्या, लाज वाटत नाही? एक शूर सरदार तुझ्या तळघरात आला आणि तू त्याला छळघरात टांगलास? आणि वर फोटोखाली हसरे चेहरे टाकतोस?"

"शूर सरदार कसला," शमी म्हणाली. "दार फोडून आत आलाय तो. हातात तलवार आहे आणि डोळा मन्याच्या तिजोरीवर आहे. तुझ्या घरात असा कोणी शिरला तर तू त्याला ओवाळशील का?"

पक्या तिथेच फुटला. तात्या काही हसला नाही, त्याचं ठरलेलं असतं, आधी समाज, मग संस्कार, मग आजची पिढी. वाईट माणूस बनून खेळलं की वाईटपणा अंगात मुरतो, गेममध्ये हीरोच असायला पाहिजे, लहान मुलं काय शिकणार वगैरे. आता मन्या चाळिशीचा आहे आणि तो खेळत होता डंजन कीपर, म्हणजे १९९७ चा गेम, त्यामुळे लहान मुलं यात कुठून आली ते मला कळलं नाही. मी तसं विचारलं तर म्हणे तत्त्वाचा प्रश्न आहे.

शमीने पाय वर घेतले. ती अशी मांडी घालून बसली की समोरच्याचं काही खरं नसतं.

"तात्या, तू हीरो म्हणून खेळतोस तेव्हा काय करतोस सांगू? गावात शिरलास की आधी घराघरातली मडकी फोडतोस. कोणाची पेटी दिसली की उघडतोस. म्हातारीच्या कपाटातलं सोनं उचलतोस आणि मग तिच्याच समोर उभा राहून विचारतोस, आजी काही काम आहे का. ती म्हणते जंगलात दहा लांडगे मार. तू चाळीस मारतोस, कारण कातडी विकली जाते. आणि शेवटी गाव तुझा जयजयकार करतं."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ते... गेमच तसा असतो."

यावर जो हशा झाला त्यात पुढचं दोन मिनिटं काही ऐकूच आलं नाही.

पण मला खरंच वाटतं की तात्यासारख्यांनी हा प्रकार कधी नीट खेळून बघितलेला नसतो. त्यांना वाटतं खलनायक म्हणजे नुसतं मारा, जाळा, हसा. डंजन कीपरमध्ये निम्मा वेळ तुम्ही घरच चालवत असता. छोटे इम्प दगड फोडतात, सोनं वाहून आणतात, त्यांना जागा दाखवायची. राक्षसांना झोपायला गुहा पाहिजे, खायला कोंबड्या पाहिजेत, म्हणून खुराडं बांधायचं. मग पगाराचा दिवस येतो! हो, राक्षसांना पगार असतो, तिजोरीत सोनं नसेल तर ते चिडतात आणि सरळ सोडून जातात. माशी आणि कोळी यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांना लांब ठेवायचं. तो शिंगवाला रीपर, ज्याला सगळे घाबरतात, त्याचा मूड सांभाळता सांभाळता तुमचाच जीव जातो, बिघडला तर तो आपल्याच लोकांना कापत सुटतो. आणि तुमच्याकडे काय असतं, तर एक मोठा हात. त्या हाताने राक्षसाला उचलता येतं, टाकता येतं आणि चापट मारता येते, चापट मारली की तो भराभर काम करतो पण त्याचा जीवही थोडा कमी होतो आणि तो नाराजही होतो. म्हणजे जगातला सगळ्यात दुष्ट माणूस म्हणून तुम्ही सिंहासनावर बसता आणि दिवसभर करता काय, तर भांडणं सोडवता आणि पगाराची जुळवाजुळव करता. विनोद इथे आहे.

"आमच्या साहेबांना फक्त चापट सापडलीय," पक्या म्हणाला, "पगाराचं बटण अजून दिसलेलं नाही."

"तुझ्या साहेबांचं जाऊ दे," मन्या म्हणाला, "तू काम करतोस का आधी ते सांग." मग मागच्या वर्षी पक्याने आजारी म्हणून सुट्टी घेतली आणि संध्याकाळी ग्रुपवर लेव्हल पूर्ण झाल्याचा फोटो टाकला, ज्या ग्रुपमध्ये त्याच्या ऑफिसचे दोघे आहेत, ते सगळं परत एकदा उगाळून झालं.

तात्याने मधली संधी साधली. "हे जुनं झालं. मन्या दुसरा तो खेळतो त्यात तर गावं लुटतात."

म्हणजे ओव्हरलॉर्ड, २००७ चा. त्यातही आपणच दुष्ट, आणि आपल्या मागे मिनियन्सची, म्हणजे छोट्या चेल्यांची फौज असते, तपकिरी, लाल, हिरवे, निळे. आपण नुसतं बोट दाखवायचं, ते घुसतात, फोडतात, सापडेल ते डोक्यावर घालतात, भोपळासुद्धा, आणि लूट धावत आणून आपल्या पायाशी ठेवतात. मरतानाही ते आपल्यासाठी खुशीत मरतात. लिहिलाय रियाना प्रॅचेटने, आणि लिखाणात जान आहे ती इथेच दिसते, कारण ज्यांना आपण झोडपायला निघतो ते सात हीरो आधीच सडलेले असतात. एक खाऊन खाऊन डोंगर झालाय, एक आळसाने झोपून राहिलाय, एकाला सोन्याशिवाय काही दिसत नाही. गावाचं धान्य लुटलं कोणी? हीरोने. आता ते परत मिळालं तर गावाला द्यायचं की स्वतःच्या बुरुजावर न्यायचं, ते तुम्ही ठरवा.

"तू काय केलंस?" तात्याने मन्याला विचारलं.

"दिलं परत."

"का?"

"अरे, ते रडत होते ना."

"बघ," शमी म्हणाली, "हा तुमचा दुष्ट माणूस. आणि पुढे तर कळतं की त्या सात हीरोंचा आठवा जोडीदार म्हणजे..."

"ए ए ए!" पक्या उठून उभा राहिला. "मी अजून संपवला नाहीये!"

"२००७ चा गेम आहे पक्या!"

"मला वेळ मिळाला नाही!"

ते राहिलं. पण पक्या बसल्यावर जरा वेगळंच बोलला, आणि ते मला महत्त्वाचं वाटलं. म्हणाला, "चेष्टा सोडा, डंजन कीपरच्या त्या छळघरात मी एकदा एका परीला ठेवली, म्हणजे हीरोंच्या बाजूची असते ती, थोडा वेळ ठेवली की ती आपल्या बाजूने लढते. आधी हसलो. मग गेम बंद करून झोपलो तर तेच डोळ्यासमोर. वाटलं, आपण हसलो कशाला."

कोणी काही बोललं नाही. तात्याला वाटलं आपण जिंकलो, त्याने तोंड उघडलंच होतं.

शमी म्हणाली, "मग झालं की. तुला वाटलं ना तसं? हीरोच्या गेममध्ये तू पाचशे सैनिक कापलेस, त्यातल्या एकाचा तरी चेहरा आठवतोय? नाही, कारण तिथे तुला कोणी सांगतच नाही की तू मारतोयस. सांगतात की तू वाचवतोयस. इथे गेममधला सल्लागार पहिल्या मिनिटापासून कानात बोलतो, मालक, तुम्ही दुष्ट आहात, फार छान चाललंय. त्याला लपवायचं नाहीये. म्हणून तर हसू येतं, आणि म्हणूनच ती परी झोपेत येते."

मी यात एक शब्द बदलणार नाही. विनोद काढून घेतला तर तोच गेम मी दहा मिनिटं खेळू शकणार नाही, मला खात्री आहे.

तात्या म्हणाला ठीक आहे, पण फोनवर जो डंजन कीपर आला होता तो बघ, तिथे तर सगळंच फुकट होतं. आणि आयताच सापडला. २०१४ मध्ये त्या फोनवरच्या डंजन कीपरची जी जाहिरात होती, फुकट म्हणून, ती ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने दिशाभूल करणारी ठरवली होती, कारण एकेक दगड फुटायला तासन् तास लागायचे, काहींना तर चोवीस तास, नाहीतर पैसे भरा. मूळ गेम करणारा पीटर मॉलिन्यूसुद्धा त्यावर वैतागला होता. "वाईटपणा अंगात मुरतो म्हणालास ना," शमी म्हणाली, "तो इथे मुरला. शिंगं नाहीत, गुहा नाही, नुसतं घड्याळ."

"मी नाही भरले पैसे," तात्या म्हणाला.

"त्यात नाही भरलेस. तो दुसरा कुठला शेतीचा होता त्यात भरलेस. गाय लवकर मोठी व्हावी म्हणून."

"ती गाय वेगळी!"

आणि मग मन्याने ते काढलंच. डंजन कीपर दोनची सीडी. तात्याने नेली होती, परत दिली तेव्हा त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. तात्या म्हणतो आधीपासून होता. मन्या म्हणतो खोक्यातून काढून दिली होती, नवी. पक्या म्हणाला मी साक्षीदार आहे, मन्या म्हणाला तू तेव्हा आजारी होतास, मग परत ती सुट्टी निघाली, आणि तात्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे शेवटच्या लेव्हलला अडकली ती, मला काय माहीत ओरखडा कधी पडला!"

सगळे गप्प.

"शेवटच्या लेव्हलला?" शमीने अगदी हळू विचारलं. "म्हणजे आधीच्या सगळ्या तू खेळलास?"

तात्याने घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते. दुसऱ्या भागात तो सल्लागार रात्री फार उशीर झाला की खेळणाऱ्याला सांगतो की इतका वेळ जागलात म्हणून एक गुप्त टीप देतो, झोपायला जा. मन्याने तोंडाशी मूठ धरून तोच आवाज काढला, घोगरा, खोल, थेट तात्याच्या कानात. तात्याने तो लगेच ओळखला, आणि सगळ्यात जास्त तोच हसला.