'अ' खोडू नका हो!
अप्पा बळवंत चौकातून प्रुफं घरी आणली, की पहिल्याच पानावर माझं डोकं तडकतं. इंग्रजी शीर्षकातले 'द' आणि 'अ', म्हणजे नामाआधीची आर्टिकल्स, लोक सरसकट का उडवतात? म्हणे, "मथळ्यात आर्टिकल नसतंच!" अहो, वर्तमानपत्राच्या मथळ्यात नसतं, कारण तिथे कॉलमच्या रुंदीत अक्षरं बसवायची असतात. पुस्तकातल्या प्रकरणाला कुठली आलीय ती अडचण?

परवा तर कहर झाला. 'अ फ्यू रेमेडीज'मधला 'अ' कुणीतरी खोडला. 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी उपाय आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच. एका अक्षरापायी अर्थ उलटा! 'अ हिस्ट्री ऑफ पुणे' हा अनेकांतला एक इतिहास. 'द' लावला की तोच खरा असा दावा. लेखकाने विचार करून निवडलेलं असतं ते. 'द हेग'चा 'द' तर शहराच्या नावातलाच, तोही कापतात.

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून कानाला खटकत नाही, हे समजतं मला. पण मग खोडण्याआधी विचारा ना कुणाला तरी! आज पुन्हा १४ शीर्षकं दुरुस्त करत बसले.